जुनी वेगाची गाडी आणि तरुण हात

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या संघटनेच्या कचेरीत एक कामगार आपल्या मुलाला घेऊन आला. मुलगा एकोणीस वर्षांचा. पाथर्डीच्या बाजूच्या खेड्यातून रोज नगरला आय.टी.आय.मध्ये येणारा. वर्षभर सुट्टीच्या दिवशी काम करून त्याने पैसे साठवले आणि जुनी यामाहा आर. एक्स. १०० विकत घेतली. आठच दिवसांत करंजीचा घाट उतरताना तिचे इंजिन जाम झाले. पोर गुडघ्यावर निभावले. बापाचे म्हणणे एवढेच, "अण्णा, ही विकून टाकायला सांगा याला." मुलगा खाली बघत म्हणाला, "काका, विकायला लावू नका. कशी चालवायची ते सांगा."

आम्हाला मुलाचे म्हणणे पटले. ही गाडी १९८५ साली आपल्या देशात आली, तेव्हा आम्हीही तरुण होतो आणि तिच्या आवाजाकडे माना वळवून बघत होतो. १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक आर. एक्स. १०० मुलापेक्षा वयाने मोठी आहे. परंतु तिची ओढ कमी झालेली नाही. तेव्हा 'नको' म्हणून पोरे ऐकणार नाहीत. त्यांना शिकवले पाहिजे.

कारखान्यात हा विचार जुनाच आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात अल्पवयीन कामगाराबद्दल एक कलम होते. धोकादायक यंत्रावर त्याला उभे करायचे, तर त्या यंत्रातले धोके त्याला आधी पूर्णपणे समजावून द्यावे लागत, आणि त्याला पुरेसे शिक्षण किंवा जाणत्याची देखरेख मिळावी लागे. हे कलम फुकट मिळालेले नव्हते. कितीतरी बोटे तुटल्यानंतर ते कागदावर आले. प्रेस मशीनला जो न्याय, तोच घरच्या मोटारसायकलीला का नसावा?

प्रथम कागदपत्रे. सोळा वर्षे पुरी झालेल्या मुलाला कायद्याने फक्त पन्नास सी.सी.पर्यंतच्या इंजिनाची दुचाकी परवाना काढून चालवता येते. आपल्या नगरच्या कारखान्याची लूना याच मापाची होती. शंभर सी.सी.ची गियरची गाडी अठरा वर्षांनंतरच. अज्ञान मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुलाला तर पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. पंचवीस वर्षांपर्यंत परवाना नाही, म्हणजे ड्रायव्हरची नोकरी नाही, याचा अर्थ गरिबाच्या घरात काय होतो ते आम्ही सांगायला नको. जुन्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व पुढे पाच पाच वर्षांनी वाढवावी लागते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी इंजिनावरचा व चासीवरचा नंबर आर.सी. बुकाशी स्वतः ताडून पाहावा, गाडी आपल्या नावावर करून घ्यावी आणि विमा चालू ठेवावा.

आता यंत्राकडे वळू. गाडी वजनाने हलकी, ताकद अकरा अश्वशक्तीची. म्हणून ती चटकन उसळते. पण थांबवायला पुढे-मागे साधे ड्रमचे ब्रेक आणि अरुंद टायर. पळायची तयारी मोठी, थांबायची लहान, हा तिचा मूळ स्वभाव. थोडे गणित करून पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगात धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरला, तर गाडी ११ मीटर पुढे जाते. मग कोरड्या रस्त्यावर, ब्रेक उत्तम असताना, थांबायला आणखी १२ मीटर. एकूण २३. ताशी ८० ला तोच हिशेब २२ अधिक ४९, म्हणजे ७१ मीटर! वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते. शिवाय ड्रममध्ये पाणी शिरले की पहिले दोन-तीन ब्रेक लागतच नाहीत. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालत ब्रेक किंचित दाबून ते वाळवून घ्यावेत.

घाटात जे घडले ते नीट समजून घ्यावे. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला वंगण पेट्रोलबरोबर आत जाणाऱ्या ऑइलचेच मिळते. उतारावर रेस पूर्ण बंद केली, म्हणजे चाक इंजिनाला जोरात फिरवते, पण आत पेट्रोल पुरेसे जात नाही आणि ऑइलही पुरेसे जात नाही. पिस्टन कोरडा पडतो, तापतो आणि सिलिंडरला धरून बसतो. मागचे चाक जागीच अडकते. म्हणून उतारावर वेग आधीच कमी करावा, मधूनमधून थोडी रेस द्यावी. इंजिनाचा आवाज बदलला किंवा ओढ अचानक कमी झाली, की त्याच क्षणी क्लच दाबावा आणि डावीकडे कडेला यावे. थंड होईपर्यंत किक मारू नये. ऑइलचा पंप काढून टाकून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणारे पुष्कळ आहेत. त्यांनी माप वापरावे, अंदाज नव्हे.

आपला जिल्हा उसाचा. हंगामात रात्री दोन दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या मागे दिवा नसताना चालतात. जुन्या गाडीचा मिणमिणता दिवा जेवढा रस्ता दाखवतो तेवढ्यात थांबता येईल, इतकाच वेग रात्री ठेवावा. वरचे ७१ मीटर इथे आठवावेत.

रोज गाडी काढण्यापूर्वी पाच मिनिटे द्यावीत: हवा, दोन्ही ब्रेक, चेन, क्लचची तार, ऑइल, दिवे. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर कडक झालेले असते. ते बदलावे. कर्कश सायलेन्सरला पैसे घालण्याऐवजी आय.एस.आय. छापाचे हेल्मेट घ्यावे. एसटीचे भाडे कायम खिशात असावे. गाडीने दगा दिला तर तास बुडणार नाही, आणि उशीर भरून काढायला रेस पिळावी लागणार नाही.

त्या मुलाला आम्ही ओळखीच्या मिस्त्रीकडे बसवले. दोन रविवार लागून त्याने स्वतःच्या हाताने सिलिंडर खोलला आणि तो बोअर करून आणल्यावर पुन्हा जोडला. तिसऱ्या रविवारी बापाला मागे बसवून तो आमच्या दारात आला. बाप म्हणाला, "अण्णा, हळू चालवतो आता." आम्ही म्हटले, हळू नव्हे, समजून चालवतो. कामगार यंत्राला भीत नाही, पण त्याला ओळखल्याशिवाय हातही लावत नाही. आपल्या पोरांना एवढे शिकवणे हे आपल्या वडीलपणाचे काम आहे.