धुक्याच्या थेंबात हवेचा हिशेब

थंडीतली पहाट, गवतावर दहिवर, दरीत साचलेले धुके! निर्मळतेचे याहून सुंदर चित्र आपल्या मनात नसते. रसायनशास्त्रज्ञाने तेच धुके बाटलीत गोळा केले की मात्र चित्र पालटते.

धुक्याच्या थेंबाला जन्मासाठी आधार लागतो तो हवेतल्या धुळीच्या, काजळीच्या वा क्षाराच्या कणाचा. मग तो थेंब गंधकाचे व नत्राचे वायू, अमोनिया शोषत राहतो. पावसाचा थेंब एक-दोन मिलिमीटरचा, तर धुक्याचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. पाणी थोडे आणि मळ फार, म्हणून हे पाणी सहसा पावसाहून अधिक दूषित असते. शिवाय पाऊस पडून जातो. धुके तासन्‌तास आपल्या नाकाशी आणि पिकांच्या पानांशी रेंगाळते.

लंडनने याची किंमत ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत मोजली. कोळशाच्या धुराने भरलेल्या त्या धुक्याने सुमारे चार हजार बळी घेतल्याचे तेव्हा मानले गेले. पुढच्या अभ्यासांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ मध्ये ब्रिटनने शुद्ध हवेचा कायदा केला.

पुढे कॅलिफोर्नियात मायकेल हॉफमन आणि सहकाऱ्यांनी धुक्याचे पाणी तपासले. स्वच्छ पावसाचा सामू ५.६ च्या आसपास असतो. डिसेंबर १९८२ मध्ये किनाऱ्यावरच्या कोरोना डेल मार येथे धुक्याचा सामू १.७ इतका खाली आढळला. म्हणजे ते लिंबाच्या रसाहून आंबट होते! १९८७ मध्ये तिथल्याच शेतीप्रधान सॅन वाकीन खोऱ्यातील धुक्यात कीटकनाशके सापडली. काहींचे प्रमाण अपेक्षित गणिताच्या हजारो पट होते. बागेवर फवारलेले औषध शेजाऱ्याच्या अंगणात धुक्यावाटे उतरू शकते, ते असे.

गोठलेले दवही सुटत नाही. डोंगरमाथ्यावर धुक्याचे थेंब झाडांवर आदळून गोठतात, तेव्हा त्यांतला मळही बर्फात अडकतो. ऊन लागले की तो पानांवर आणि मातीत उतरतो.

आपल्याकडे गंगेच्या खोऱ्यातले धुके हा दर हिवाळ्याचा प्रश्न. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेने २०१५ पासून दिल्ली विमानतळावर त्याचा अभ्यास चालवला. २०२१ मध्ये मद्रासच्या आयआयटीतील संशोधकांनी दाखवले, की प्लास्टिकमिश्रित कचरा जाळण्यातून व उद्योगांतून येणारे क्लोराईड कणांना पाणी शोषायला लावते आणि दिल्लीचे धुके दाट करते. उत्तरेत खतांतून आणि गुरांच्या मलमूत्रातून उठणारा अमोनिया आम्लाची धार बोथट करतो. पण आंबटपणा गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे नव्हे.

धुक्याच्या बातमीत विमाने किती खोळंबली आणि किती मीटरपर्यंत दिसत होते, एवढेच आपण वाचतो. त्या धुक्यात काय विरघळले होते, हेही शेजारी छापले गेले पाहिजे. कारण ऊन पडल्यावर धुके विरते. त्याच्या पोटातले कण मात्र हवेतच राहतात, आणि पुढचा श्वास आपलाच असतो.