परतलेला माणूस आणि आपली भाषा



अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्तींचा परिचय आपल्याला आहेच. त्यांची उदाहरणे आपण बहुधा काव्यातून घेतो. प्रस्तुत उपघटकात याच संकल्पना रोजच्या व्यवहारातील एका प्रसंगाला लावून पाहू.

समजा, एक गृहस्थ व्यसनमुक्ती केंद्रात राहून, उपचार पूर्ण करून हिंगोलीच्या बसस्थानकावर उतरले आहेत. सेनगावच्या गाडीत शेजारी बसलेला ओळखीचा माणूस विचारतो, "काय, सुटली का?" अभिधेने पाहता ही साधी चौकशी आहे. परंतु स्वर आणि हसू मिळून तिच्यातून 'बघू किती दिवस टिकते' असा अर्थ ध्वनित होतो. ही व्यंजना ऐकणाऱ्याला नेमकी कळते. गावात पाय ठेवण्यापूर्वीच त्याच्या प्रयत्नावर अविश्वास व्यक्त झालेला असतो.

१. केंद्रातील दिवस आणि गावातील दिवस

महाराष्ट्रातील या कामाचा एक ठळक टप्पा म्हणजे पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने, ते सुरू केले. तेथील निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. या काळात शरीर दारूविना स्थिरावते, दिनक्रम बसतो, समदुःखी माणसे भेटतात. छत्तिसाव्या दिवशी मात्र तोच रस्ता, तेच मित्र, तेच कर्ज आणि तेच वाद समोर येतात. म्हणून उपचाराचा दुसरा आणि अधिक लांबीचा भाग घरी परतल्यावरच सुरू होतो. पाठपुराव्याच्या भेटी आणि स्वमदत गटांच्या सभा त्यासाठीच असतात.

मुक्तांगणात व्यसनी व्यक्तींच्या पत्नींचाही गट चालतो. त्याचे नाव 'सहचरी'. 'दारुड्याची बायको' या शब्दांत त्या स्त्रीला स्वतःचे अस्तित्व उरत नाही. 'सहचरी' या शब्दात ती सोबत चालणारी, स्वतंत्र व्यक्ती ठरते.

२. नाम आणि विभक्ती

पुढील दोन वाक्ये पाहा.

(अ) तो दारुडा आहे.
(आ) त्याला दारूचे व्यसन आहे.

दोन्ही वाक्यांतील माहिती जवळजवळ एकच आहे, रचना मात्र भिन्न आहे. पहिल्या वाक्यात माणूस आणि दारू एकरूप होतात. शिवाय 'दारुडा' मधील '-डा' हा प्रत्यय 'चोरटा' मधील '-टा' प्रमाणे तुच्छता दर्शवितो. 'बेवडा' या शब्दात लक्षणा आहे. दारूला असलेले नाव पिणाऱ्याला चिकटले आहे.

दुसऱ्या वाक्यात चतुर्थीचा प्रत्यय आहे. 'त्याला ताप आला', 'तिला मधुमेह आहे' अशी आजाराची वाक्ये मराठी याच रचनेत करते. आजार माणसाकडे येतो, त्याला जडतो. माणूस आजार होत नाही. संस्कृतात 'व्यसन' या शब्दाचा एक अर्थ संकट असाही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण राज्यावरील व्यसनांविषयी, म्हणजे संकटांविषयी आहे.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. जॉन केली आणि कसांड्रा वेस्टरहॉफ यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील पाचशेहून अधिक व्यावसायिकांना एकाच माणसाचे वर्णन वाचायला दिले. काहींच्या मजकुरात त्याला 'अमली पदार्थांचा गैरवापर करणारा' म्हटले होते, तर इतरांच्या मजकुरात 'अमली पदार्थसेवनाचा विकार असलेली व्यक्ती'. पहिला मजकूर वाचणाऱ्यांनी त्या माणसाला अधिक दोषी ठरविले आणि शिक्षेकडे अधिक कल दाखविला. प्रशिक्षित माणसांच्या बाबतीत असे घडत असेल, तर पारावरच्या बोलण्याचा परिणाम किती होत असेल, याचा विचार करा.

३. घसरणे आणि पडणे

उपचारानंतर काहींच्या हातून एखाद्या वेळी पुन्हा दारू घेतली जाते. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी अशी एखादी चूक आणि जुन्या व्यसनात पूर्णपणे परतणे यांत भेद केला. 'सगळे संपले' असे वाटू लागले की एका पेल्यानंतर माणूस पुढचे पेले थांबवत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. मराठीत हा भेद आधीच आहे. ज्याचा पाय घसरला, तो सावरू शकतो. 'वाया गेला' म्हटल्यावर मात्र परतीची वाट उरत नाही. त्या रात्री घरातून कोणते क्रियापद कानी पडते, यावर दुसऱ्या दिवशीची सकाळ काही अंशी अवलंबून असते.

४. गावाजवळ असलेला शब्द

संत नामदेवांचे नर्सी हे गाव हिंगोली जिल्ह्यातच आहे. वारकरी परंपरेत तुळशीची माळ घातलेला माणूस दारू घेत नाही, हे येथे लहान मुलालाही ठाऊक असते. लग्नाच्या गर्दीत कोणी आग्रह केला, तर 'मी माळकरी आहे' एवढे वाक्य पुरते. 'माळकरी' या शब्दाने माणसाने काय सोडले यापेक्षा काय धरले, हे सांगितले जाते, आणि गाव त्याचा मान राखते.

मात्र येथे सावध राहावे. माळ स्वेच्छेने घ्यावयाची असते. सक्तीने घातली आणि पाय घसरला, तर लाज दुप्पट होते. शिवाय प्रत्येकाची वाट वारीची नसते. घेण्याजोगे तत्त्व एवढेच की परतलेल्या माणसाला नवे नाव लागते, आणि ते बहुधा कामातून मिळते. वसमतच्या हळदीच्या हंगामात शिजवणीवर लक्ष ठेवणारा, भजनी मंडळात पखवाज धरणारा, शाळेच्या समितीत बसणारा, अशी ही नावे असू शकतात.

५. आपण काय करू शकतो

१. मागच्या गोष्टी चारचौघांत काढू नयेत. हिशेब मागावयाचा असेल, तर तो घरात आणि दिवसा मागावा.
२. 'आता कधीच पिणार नाही ना?' असे वचन मागू नये. 'आजचा दिवस कसा गेला?' असे विचारावे.
३. पाठपुराव्याच्या तारखेला शक्य असल्यास सोबत जावे.
४. व्यसन सोडविणारे औषध न सांगता जेवणात कालवू नये. त्यावर दारू घेतली गेल्यास जिवाला धोका असतो, आणि विश्वासही मोडतो.
५. पुन्हा बरेच दिवस पिणे झाले असेल, तर दारू एकाएकी घरीच बंद करू नये. झटके किंवा भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांकडे न्यावे.
६. व्यसन स्त्रीला असेल, तर कुटुंब ते अधिक लपविते. तिलाही हीच वागणूक मिळावी.
७. मार्गदर्शनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन निःशुल्क आहे.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला कोणत्याही स्वरूपाचा उपचार मिळतो. म्हणजे सेनगावच्या गाडीत बसलेला तो माणूस बरेच अंतर पार करून आलेला आहे. शेजारच्याला 'काय, सुटली का?' ऐवजी 'आलात? बरे झाले' असेही म्हणता आले असते. शब्द तेवढेच लागतात.

स्वाध्याय

१. आपल्या परिसरात व्यसनासंबंधी वापरले जाणारे दहा शब्द नोंदवा. त्यांपैकी कोणते माणसाला नाव देतात आणि कोणते त्याची अवस्था सांगतात, ते वेगळे करा.
२. 'त्याला' किंवा 'तिला' ने सुरू होणारी आजारविषयक पाच वाक्ये लिहा. त्यांतील चतुर्थीचे कार्य स्पष्ट करा.
३. उपचार घेऊन परतलेल्या नातेवाइकाला लिहावयाच्या पत्राचा मसुदा तयार करा. त्यात उपदेशाचे एकही वाक्य नसावे.