खेळाचं मैदान कुणाचं?

धाराशिवला खो-खोची ओळख करून द्यायला नको. आपल्या जिल्ह्याच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. आता ई-स्पोर्ट्सकडे या. इथंही कर्णधार आहे, रोजचा सराव आहे, परदेशी संघांशी सामने आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये ‘ऑरेंज रॉक’ हा भारतीय संघ पबजी मोबाइलच्या वर्ल्ड लीगमध्ये, पूर्व विभागात, दुसरा आला. महिना उलटायच्या आत, २ सप्टेंबरला, सरकारनं ते अ‍ॅपच बंद केलं. कारण सुरक्षेचं दिलं होतं; खेळाडूंचा त्यात काहीच दोष नव्हता. पुढं भारतासाठी वेगळी काढलेली बीजीएमआय २०२१ ला आली, जुलै २०२२ मध्ये तीही अडवली गेली, मे २०२३ मध्ये परतली.

असं का होतं? खो-खोला दोन खांब आणि मोकळी जागा पुरते. ई-स्पोर्ट्सचं मैदान मात्र कंपनीच्या सर्व्हरवर असतं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, तरी त्या मैदानाची चावी कंपनीकडेच राहिली. म्हणून पोरगं यात उतरणार म्हणालं, तर बक्षिसाच्या रकमेआधी एवढं विचारा: उद्या हा गेम बंद पडला, तर तुझ्या हातात काय उरेल?