गहाण की विक्री? : यवतमाळ जिल्ह्यातील सावकारी व्यवहार आणि मालकीहक्काचा प्रश्न

प्रस्तावना

यवतमाळ हा प्रामुख्याने कोरडवाहू कापूस पिकविणारा जिल्हा होय. २००६ साली केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत योजना जाहीर केली, त्यांत या जिल्ह्याचा समावेश होता. पेरणीच्या तोंडावर बँकेचे पीककर्ज न मिळाल्यास शेतकरी खासगी सावकाराकडे वळतो. अशा वेळी तारण म्हणून गहाणखताऐवजी शेताचे वा घराचे नोंदणीकृत खरेदीखत लिहून घेतले जाते. कर्ज फिटल्यावर मालमत्ता परत करण्याचे वचन मात्र बहुधा तोंडीच असते. त्यामुळे वाद उद्भवल्यास खरा मालक कोण, हा प्रश्न निर्माण होतो.

दस्तऐवज आणि वस्तुस्थिती

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम ५८ ला १९२९ साली जोडलेल्या परंतुकानुसार, परतीची अट त्याच दस्तात नमूद नसल्यास तो व्यवहार सशर्त विक्रीद्वारे केलेले गहाण मानला जात नाही. शिवाय लेखी दस्तातील अटींविरुद्ध तोंडी पुरावा देता येत नाही, असे भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ चे कलम ९२ सांगत असे. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ९५ मध्ये आहे. तथापि दस्त केवळ नाममात्र होता व तो अमलात आणण्याचा पक्षकारांचा हेतूच नव्हता, हे तोंडी पुराव्याने दाखविता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने गंगाबाई विरुद्ध छबुबाई या प्रकरणात १९८१ साली दिला.

२०१४ चा अधिनियम

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ ने १९४६ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. त्याच्या कलम १८ अन्वये जिल्हा उपनिबंधकास अशा व्यवहाराची चौकशी करता येते. मालमत्ता अर्जापूर्वीच्या १५ वर्षांत सावकाराच्या ताब्यात गेली असेल आणि ती कर्जाचे तारण होती असे सिद्ध झाले, तर तो दस्त अवैध घोषित करून मालमत्ता कर्जदारास किंवा त्याच्या वारसास परत देण्याचा आदेश होऊ शकतो. या आदेशाविरुद्ध विभागीय स्तरावर अपिलाची सोय आहे. विनापरवाना सावकारीस पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूदही आहे.

पुराव्याची अडचण

व्यवहार सावकारीच्या ओघात झाला, हे सिद्ध होणे येथे निर्णायक ठरते. बाजारभावापेक्षा अत्यल्प किंमत, विक्रीनंतरही कर्जदाराकडेच राहिलेली वहिवाट, सातबाऱ्यावरील पीकपाहणीच्या नोंदी, व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या आणि त्याच व्यक्तीच्या नावे झालेली इतर खरेदीखते या बाबी उपयुक्त ठरतात. परंतु रोखीच्या व्यवहाराची पावती नसते. फेरफार होऊन जमीन त्रयस्थास विकली गेल्यास गुंता अधिकच वाढतो.

तौलनिक दृष्टी

अमेरिकेत गृहकर्जे वारंवार हस्तांतरित झाल्याने गहाणाचा धारक कोण, हेच अस्पष्ट झाले होते. २०११ साली मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने, लिलावाच्या वेळी गहाणहक्क सिद्ध करू न शकलेल्या बँकांनी केलेली घरांची विक्री निष्प्रभ ठरविली. तेथे हक्क सिद्ध करण्याचा भार बँकेवर पडला. येथे मात्र सावकाराच्या हाती नोंदणीकृत दस्त असतो आणि तो खोडून काढण्याचा भार व्यवहारतः कर्जदारावर येतो.

समारोप

२०१४ च्या कायद्याने दस्तामागील वस्तुस्थिती तपासण्याचा मार्ग दिवाणी न्यायालयाबाहेर खुला केला, ही महत्त्वाची बाब होय. मात्र चिठ्ठी, पावती व पीकपाहणी यांचे मोल कर्ज घेतानाच शेतकऱ्यास समजले, तरच या तरतुदीचा लाभ त्याच्यापर्यंत पोहोचू शकेल. ग्रामीण महाविद्यालयांतील विस्तारकार्यात या कायदेविषयक साक्षरतेला स्थान मिळणे म्हणूनच अगत्याचे आहे.