लेकराच्या घड्याळाला कुलूप कुठे लावायचं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी नावाचं गाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये या गावाने ठराव करून अठरा वर्षांखालच्या मुलांच्या मोबाइल वापरावर बंदी घातली. अमरावती-अकोल्यासारख्या शहरांत असा ठराव चालणं कठीण. शाळा, ट्युशन, व्हॅन, मैदान असा मुलांचा दिवस विखुरलेला असतो आणि लेकरू आत्ता कुठे आहे हे घरच्यांना कळायला हवं असतं. म्हणून मोबाइल नको, पण संपर्क हवा असे पालक सिमकार्डवालं घड्याळ घेतात. या घड्याळात सोयी भरपूर असतात. मात्र त्यांच्यावरची बरीच बंधनं, म्हणजेच कुलपं, आपण घालू तेव्हाच लागू होतात.

आधी घड्याळाचा प्रकार पाहा. फक्त ब्लूटूथवर चालणारं घड्याळ फोनपासून काही मीटर दूर गेलं की त्याचा संपर्क तुटतो. शाळेत गेलेल्या मुलासाठी ते निरुपयोगी. सिमवाल्या घड्याळाला स्वतःचा नंबर असतो. ते २जी आहे की ४जी, हे दुकानातच विचारा. जिओचं २जी नेटवर्क नाही, त्यामुळे २जी घड्याळात जिओचं सिम चालत नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीला सिम मिळत नसल्याने ते पालकांच्याच नावावर घ्यावं लागतं.

आता ठिकाण कसं कळतं ते पाहू. उघड्या आभाळाखाली घड्याळ उपग्रहांकडून, म्हणजे जीपीएसवरून, जागा ओळखतं. तेव्हा चूक काही मीटरांची असते. वर्गात स्लॅबखाली उपग्रह नीट सापडत नाहीत. मग ते आसपासच्या वाय-फायवरून अंदाज बांधतं आणि तेही नसेल तर मोबाइल टॉवरवरून. टॉवरचा अंदाज शेकडो मीटर, खेड्यात तर काही किलोमीटरसुद्धा चुकू शकतो. म्हणून घड्याळासोबतच्या, तुमच्या फोनवरच्या ॲपमध्ये शाळेभोवती सीमा आखताना वर्तुळ थोडं मोठं ठेवा. फार लहान ठेवलं तर मूल बाकावर बसलेलं असतानाच ‘शाळेबाहेर गेलं’ असा इशारा येईल.

जागा कळणं आणि ती पालकांपर्यंत पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेळघाटात नेटवर्क नसलेल्या ठिकाणी घड्याळाला स्वतःची जागा कळते, पण पाठवता येत नाही. अकोल्यात श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराच्या मंदिरात येतात, तेव्हा गर्दीने नेटवर्कवर ताण येऊन माहिती उशिरा पोहोचू शकते. अशा वेळी नकाशावरच्या ठिपक्याशेजारी दिलेली वेळ आधी वाचा. तो ठिपका अर्ध्या तासापूर्वीचाही असू शकतो.

आता कुलपांकडे वळू. पहिलं कुलूप कॉलला लावायचं. ॲपमध्ये ‘फक्त यादीतल्या नंबरांचेच कॉल’ अशा अर्थाचा पर्याय असतो. तो चालू करा आणि यादीत आई, बाबा, आजी, व्हॅनवाले काका एवढेच ठेवा. घड्याळात गप्पांची किंवा जवळच्या घड्याळाशी मैत्री जोडण्याची सोय असेल तर ती बंद करा. संकटाच्या बटणाला नंबर जोडल्यावर ते एकदा मुलाकडून दाबून घ्या.

दुसरं कुलूप पडद्याला. काही घड्याळांत ब्राउझर नसतो आणि बाहेरचं ॲपही टाकता येत नाही. लहान मुलाला तीच बरी. काहींत मात्र पूर्ण अँड्रॉइड असतं. ती म्हणजे मनगटावरचा मोबाइलच! अशा घड्याळात मुलाचं वेगळं गूगल खातं काढा आणि गूगलचं फॅमिली लिंक त्यावर चालतं का ते तपासा. चालत असेल तर प्रत्येक नव्या ॲपला तुमची परवानगी लागेल, अशी व्यवस्था करता येते. यूट्यूबची मर्यादित सेटिंगही लावा, पण तिच्या छाननीतून सगळंच अडत नाही. शाळेच्या वेळेत खेळ आणि कॉल थांबवणारी सोयही असते. उन्हाळ्यात आपल्याकडे शाळा सकाळपाळीत भरतात, तेव्हा त्या वेळा बदलायला विसरू नका.

तिसरं कुलूप माहितीला, आणि तेच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतं. मुलाचं ठिकाण थेट तुमच्या फोनवर येत नाही, ते आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातं. २०१७ मध्ये नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने अशी घड्याळं तपासली, तेव्हा काहींमध्ये परक्या माणसालाही मुलाचा माग काढता येईल असे दोष सापडले. २०१९ मध्ये रॅपिड७ या सुरक्षा कंपनीला तपासलेल्या स्वस्त घड्याळांचा मूळ पासवर्ड १२३४५६ असल्याचं आढळलं. त्यामुळे घड्याळ सुरू केल्यावर पहिलं काम पासवर्ड बदलण्याचं. ॲपचा पासवर्डही वेगळा ठेवा.

काही घड्याळांत पालक दुरून गुपचूप माइक चालू करून आजूबाजूचं बोलणं ऐकू शकतात. जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशी सोय असलेल्या मुलांच्या घड्याळांवर बंदी आणली. पालक वर्गातल्या शिक्षकांचं बोलणं ऐकत असल्याचंही तेव्हा समोर आलं होतं. मुलाच्या काळजीपोटी का होईना, बाईंचं आणि इतर मुलांचं बोलणं चोरून ऐकणं योग्य नाही. ही सोय बंदच असू द्या.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे. मुलांबाबतची जबाबदारी मोडणाऱ्या कंपनीला २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाचीही तरतूद त्यात आहे. म्हणून ‘मान्य आहे’ हे बटण दाबण्यापूर्वी ॲप नेमकं काय मागतं, ते वाचा.

कोणती कुलपं लावली आणि का लावली, हे मुलालाही सांगा. कुणी अनोळखी व्यक्ती त्रास देत असेल तर मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी आहे. आणि खरेदीच्या वेळी दुकानदाराला तीन प्रश्न विचारा: परक्याचा कॉल अडवता येतो का, ब्राउझर आहे का, माइक दुरून चालू होतो का? उत्तरं समाधानकारक नसतील तर ते घड्याळ कितीही स्वस्त असलं तरी दुकानातच राहू द्या.