छावणीबाहेरचे घर

आपल्या शहराच्या पश्चिमेस, खाम नदीपलीकडे, लष्कराची छावणी आहे. तेथील शिस्त आणि झाडी आपण जाता-येता पाहतो. परंतु जवानांची काही कुटुंबे छावणीत नव्हे, तर भोवतालच्या वस्त्यांत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतात, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

असे का व्हावे? सैन्यातील नेमणुका ढोबळमानाने दोन प्रकारच्या. 'पीस स्टेशन'वर कुटुंब नेता येते व पाळी आली की सरकारी क्वार्टर मिळते. 'फील्ड'वर, म्हणजे सीमेवर वा दुर्गम मुलखात, कुटुंब नेता येत नाही. मागे राहणाऱ्यांसाठी वेगळी क्वार्टर्स असतात, पण ती सर्वांना पुरत नाहीत. मग गावी परतावे, की मुलांच्या शाळेसाठी शहरातच राहावे? बऱ्याच माता दुसरा मार्ग पत्करतात. बदल्यांमुळे शिक्षणाची आबाळ होऊ नये म्हणून १९६३ मध्ये पलटणींच्या २० शाळा हाती घेऊन केंद्रीय विद्यालयांचा आरंभ झाला. आपल्या छावणीतही असे विद्यालय आहे. शाळेचा प्रश्न असा बराचसा सुटला, घराचा मात्र ज्याचा त्याने सोडवायचा.

परदेशातही हे घडते. जपानमध्ये योकोसुकाच्या नाविक तळाबाहेर अमेरिकन सैनिकांची कुटुंबे भाड्याच्या जपानी घरांत राहतात. पण तेथे कुटुंब सैनिकाच्या मागोमाग गेलेले असते. येथे सैनिक जवळ नाही, म्हणूनच घर भाड्याचे.

अशा घराला दोन पत्ते असतात. एक आपल्या शहरातला, दुसरा '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ'. या दुसऱ्या पत्त्यावर पत्र पोहोचते, पण माणूस नेमका कोठे आहे ते कळत नाही, आणि कळू नये हाच त्यातला हेतू. क्वार्टरचा नळ बिघडला तर एमईएसचा माणूस येतो, भाड्याच्या खोलीत घरमालकाची मनधरणी करावी लागते. दवाखाना, बँक, शाळेतील पालकसभा, सारे त्या बाईने एकटीने निभवायचे. कोपऱ्यात काळी ट्रंक असते, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत नंबर आणि नाव. घरधन्याचे तेवढेच अस्तित्व.

२६ जानेवारीला आपण जवानांचा गौरव करतो, ते योग्यच. परंतु सीमेवरच्या माणसाला खरा घोर घराचा असतो, आणि तो हलका करणे शेजाऱ्याच्या हाती असते. वर्षाच्या मध्येच दाखल झालेला, मराठी अडखळत बोलणारा मुलगा आपल्या वर्गात असेल, तर त्याला आपली वही द्यावी. तेवढ्यानेही एक पत्र थोडे निश्चिंत होऊन जाईल.