रानकोंबड्याचं पीस, कोंबडीचे पाय

आटपाडीहून एका वाचकाने विचारलंय: परदेशी व्हिडिओंत मासे धरायच्या गळावर ‘जंगल कॉक’चं पीस बांधतात, तो पक्षी आपल्याकडचा का? हो, अगदी आपल्या जिल्ह्यातला. माणदेशाच्या माळावर नाही, पण सांगलीच्या दुसऱ्या टोकाला, चांदोलीच्या जंगलात तो आरवतो. राखी रानकोंबडा!

आपलं काम गांडुळावर किंवा कणकेच्या गोळीवर भागतं. व्हिक्टोरियन इंग्रजाला साल्मन धरायला मात्र अख्खं पक्षिसंग्रहालय लागे. छोट्या व्हाइसमध्ये गळ आवळायचा, त्यावर रेशीम वेटाळायचं, वरून जर गुंडाळायची, मोर-टूकनची पिसं जुळवून पंख उभे करायचे आणि शेवटी दोन्ही गालांवर रानकोंबड्याचं एकेक पीस. ‘जॉक स्कॉट’ ही यातली सर्वांत गाजलेली नकली माशी. जॉर्ज केल्सनने 1895 मध्ये या कलेवर जाडजूड ग्रंथच लिहिला. गंमत म्हणजे अंडी घालायला नदीत चढलेला साल्मन जवळपास काही खातच नाही! तो गळ का धरतो, यावर अजून वाद आहेत. मला विचाराल तर ही पिसं माशापेक्षा माणसालाच जास्त भुलवतात. 2009 मध्ये एका तरुण बासरीवादकाने इंग्लंडच्या ट्रिंग संग्रहालयातून 299 पक्ष्यांची कातडी लांबवली, ती याच नादापायी.

तरी मानेवरचं ते पीस नवलाचंच. त्याचा मधला दांडा रुंद, चपटा होऊन तिथे गुळगुळीत चकती बनते, लाखेचा थेंब पडून वाळावा तशी. पाण्यात इतर पिसं लुळी पडतात, चकती ताठ राहते. हा थाट फक्त नराचा, तोही विणीपुरता. नंतर ही पिसं झडतात. 1972 च्या कायद्याने आपल्याकडे या पक्ष्याला संरक्षण आहे.

पण पिसाच्या कौतुकात त्याचं खरं देणं झाकलं गेलं. बाजारातल्या कोंबडीचे पिवळे पाय बघा. कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण 2008 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने दाखवलं की पिवळ्या कातडीचं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलंय. मक्यातला पिवळा रंग मोडणारं विकर या कोंबड्यांच्या कातडीत कमी बनतं, म्हणून रंग साठतो. आई आणि बाप दोघांकडून ते जनुक मिळालं तरच पाय पिवळे.

डार्विनने मात्र तांबड्यालाच एकमेव पूर्वज ठरवलं होतं. लंडनच्या प्राणिबागेत दोन्ही जातींच्या संकराची सुमारे 500 अंडी मिळाली, त्यातून वाढली जेमतेम 12 पिल्लं. संकरितांची आपसातली तर तीनच. त्याने त्यात अशक्यता पाहिली. पण पाळीव कोंबड्यांच्या हजारो वर्षांत अशी मोजकी पिल्लंही पुरली असती, कारण पिवळे पाय आवडले की माणूस त्याच कोंबडीची अंडी उबवायला ठेवणार.